सृष्टीनं काय वाचलं

खंडाळा
जि. सातारा, ६ नोव्हेंबर २०२५

प्रिय झुबेदा,

या महिन्याच्या पत्रात मी फक्त चकल्यांची माफी मागणार होते. डबा तुझ्याकडे पोचेपर्यंत त्या मऊ पडल्या असणार, मला ठाऊक आहे, त्यावर तू दोन पानं लिहिणार हेही ठाऊक आहे. पण काल वाचनालयात पोलीस आले, आणि चकल्या बाजूला राहिल्या.

आले ते आपले जोतिबा हवालदार. एरवी ते पेपर वाचायला येतात आणि क्रीडा पान आधी मागतात. काल पेपरकडे बघितलंच नाही. टोपी टेबलावर ठेवली नि म्हणाले, "बाई, ती सृष्टी हाय न्हवं, दूध डेअरीवाल्या लालासाहेबांची? घरातनं गेलीया. तुमची नोंदवही जरा दावा."

सृष्टी तुला आठवत असेल. जूनमध्ये मशीन ड्रॉइंगचं पुस्तक मी तुझ्या कॉलेजच्या ग्रंथालयातून मागवून घेतलं, ते तिच्यासाठी. बावीस वर्षांची, आयटीआय केलेली, रोज दुपारी खिडकीजवळच्या बाकावर बसायची. घरचे नोकरीला पाठवत नव्हते. पुढच्या आठवड्यात तिच्या लग्नाची सुपारी फुटायची होती. "मी नीट आहे, शोधू नका" अशी चिठ्ठी ठेवून ती गेली. घरच्यांनी हरवल्याची तक्रार दिली आणि वर सांगितलं, की कुणातरी पोरानंच फितवलंय.

आता हवालदारांना काय हवंय? तिनं कोणती पुस्तकं नेली, कोणत्या दिवशी, आणि त्याच पुस्तकांवर तिच्या आधी-नंतर कोणत्या पोरांची नावं आहेत. "त्यातनं पोरगं गावंल," म्हणाले. ज्या पोरानं अजाणता तेच पुस्तक तिच्यानंतर नेलं असेल, त्याच्या दारात लालासाहेब आणि त्यांचे भाऊबंद उभे राहणार!

मी म्हटलं, लेखी आणा. हे माझ्या तोंडून कसं निघालं मला अजून कळलेलं नाही. ते म्हणाले, "आवं, नुस्तं बघायचं हाय, कुटं कोर्टात न्यायचंय?" मी पुन्हा तेच म्हटलं. मग टोपी घेऊन गेले, रागावून.

झुबेदा, मी बरोबर केलं का? आपल्याकडे दारू सोडण्यावरचं पुस्तक पेपरात गुंडाळून नेणारे मास्तर आहेत. मनाच्या आजारावरचं पुस्तक मुलीच्या नावावर नेणारी बाई आहे. ही सगळी माणसं माझ्या भरवशावर आहेत. पण मुलगी खरंच संकटात असली तर? तिच्या आईचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही. लगेच लिही.

तुझी, कालपासून धड न जेवलेली,
संयोगिता

०

विश्रामबाग, सांगली
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय संयू,

चकल्या मऊ नव्हत्या, ओल्या होत्या. दोन पानं नंतर लिहीन.

तू बरोबर केलंस. पुन्हा वाच: बरोबर केलंस. लेखी मागणी, सही, शिक्का, कोणत्या कलमाखाली ते, आणि नेमकं काय हवंय ते. तसं काही आलं तर समितीला दाखवून, वकिलाला विचारून, जेवढं विचारलंय तेवढंच द्यायचं. आख्खी नोंदवही कुणाच्या हातात द्यायची नाही. आणि हे नीट ऐक, नोंदवही घरी नेऊ नकोस, पान फाडू नकोस, एक अक्षर खोडू नकोस. कुलपात ठेव आणि किल्ली जवळ ठेव. लपवणं वेगळं नि राखणं वेगळं.

मुलगी सज्ञान आहे आणि चिठ्ठी ठेवून गेलीय. असं घर सोडणारी मुलगी बहुतेक वेळा विचार करून निघालेली असते. तू तिला रोज बघत होतीस. तुला ती पोरात गुंतलेली वाटत होती का? मग शांत राहा.

आईबद्दल तू लिहिलंस ते वाचून मलाही गलबललं. पण आईची काळजी मिटवण्याची वाट तुझ्या कपाटातून जात नाही.

फोनवर हा विषय काढू नकोस. व्हॉट्सअ‍ॅपवर तर नाहीच. पत्र पोस्टात स्वतः टाक. मी फार बजावतेय असं वाटेल, वाटू दे. पोटभर जेव.

तुला ओरडण्याचा हक्क असलेली एकटी,
झुबेदा

०

खंडाळा
१३ नोव्हेंबर २०२५

प्रिय झुबेदा,

काय सांगू आणि कुठून सुरू करू! तुझ्या पत्रानं धीर आला होता. तो दोन दिवस पुरला.

परवा समितीची बैठक झाली. अध्यक्ष विश्वजितराव भल्या मोठ्या आवाजात म्हणाले, "लेखी आलं तर देऊन टाका, आणि न्हाई आलं तरी देऊन टाका. पोलिसास्नी न्हाई म्हनून गावात ऱ्हायचं का आपन?" बाकीचे चहाच्या कपात बघत होते. मी म्हटलं, तसं असेल तर या किल्ल्या, दुसरं कुणीतरी बघा. आणि किल्ल्यांचा जुडगा टेबलाच्या मधोमध ठेवला. एवढ्या वर्षांची नोकरी मी दोन वाक्यांत टेबलावर ठेवली. कुणी हात पुढे करेना. शेवटी आमच्या निवृत्त शिक्षिका हरणाबाईंनी जुडगा उचलला आणि माझ्या मांडीवर ठेवला. म्हणाल्या, "लेखी येऊ दे. तोवर हिलाच सांभाळू दे." विश्वजितराव फणफणले, पण ठराव तसाच झाला.

मी घरी येऊन ऐटीत भात खाल्ला. किती मूर्ख मी!

काल जोतिबा हवालदार पुन्हा आले. गोड आवाजात म्हणाले, "बाई, नोंदवही र्‍हाऊ द्या. मी वाचक हाय, पुस्तकं तर बघू शकतो न्हवं?" मी म्हटलं, बघा की. आणि ते कपाटाशी जाऊन एकेक पुस्तक काढून शेवटचं पान उघडायला लागले.

तुला कळलं ना? आपण वर्षानुवर्षं ज्यावरून वाचकांना ओरडतो तेच! एकदा वाचलेलं पुस्तक पुन्हा घरी येऊ नये म्हणून जो तो आपली खूण करून ठेवतो. कुणी विसाव्या पानावर फुली, कुणी मलपृष्ठाच्या आत टिकली, कुणी सही. हवालदारांची आई पंधराव्या पानावर ॐ काढते, मीच किती वेळा त्यांना बोलले असेन. मी कपाटाला कुलूप लावून राखण करत बसले आणि अख्खं वाचनालय खुणांनी भरलेलं आहे हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

सृष्टीची खूण तिच्या आईनं हवालदारांना सांगितली होती, शेवटच्या पानावर गोलात 'सृ'. शाळेच्या पुस्तकांवरही ती तशीच करायची. हवालदार कादंबऱ्या चाळून कंटाळले, मग तंत्रविषयक फळीकडे गेले आणि तिथेच थांबले. लेथ, फिटिंग, मापन, ओळीनं 'सृ', 'सृ', 'सृ'. मला म्हणाले, "बाई, ही पोरगी पोरासंगं गेली न्हाई. ही मशिनीसंगं गेली." मला हसूही आलं आणि धस्सही झालं. कारण पुढे म्हणाले, "मंग एमायडीसीत हुडकायला पायजे. आदी शिरवळ, मंग सातारा, मंग कुपवाड."

लालासाहेब बाहेर गाडीवर बसले होते. हवालदारांनी त्यांना काय सांगितलं ते ऐकू आलं नाही.

माझ्यामुळे ती सापडली आणि तिला ओढून आणलं तर मी काय करू?

तुझी घाबरलेली,
संयोगिता

०

विश्रामबाग
१५ नोव्हेंबर २०२५

संयू,

बसून वाच.

सृष्टी सांगलीत आहे. सुखरूप आहे. आता तरी श्वास घे.

जूनमध्ये ते पुस्तक परत आलं त्यात तिची चिठ्ठी होती. पुस्तकावरच्या शिक्क्यावरून तिनं मला लिहिलं होतं, की बाई, असं मशीनचं काम मुलींना कुठे मिळतं? मी माझ्या दिरांना विचारलं. त्यांचा कुपवाडला कारखाना आहे, पंपाचे भाग बनवतात. त्यांनी ओळखीच्या दुसऱ्या कारखान्यात तिची परीक्षा घ्यायला लावली. ती पास झाली, रुजू व्हायची तारीख मिळाली, आणि तीच सुपारीच्या आठवड्यात आली. घर सोडायचं मी तिला सांगितलं नव्हतं. ती इथे आली तेव्हा मी दार उघडलं, एवढंच. दुसऱ्याच दिवशी तिला नोकरी करणाऱ्या मुलींच्या वसतिगृहात ठेवलं.

तुझ्या नोंदवहीत तिच्या नावापुढे "सांगलीहून मागवले" असं तुझ्याच अक्षरात लिहिलेलं असणार. ते वाचलं असतं तर त्यांना पहिला पत्ता माझा मिळाला असता. आणि माझ्या घरात तेवीस वर्षांचा फरदीन आहे. मराठ्याची मुलगी घर सोडून मुसलमानाच्या दारात सापडली, एवढं एक वाक्य गावात सुटलं की पुढे लेथ नि मशीन कोण विचारतंय? त्या भीतीनं मी पोराला काही न सांगता पुण्याला बहिणीकडे पाठवून दिलंय. तो तिकडे वैतागलाय.

तुला सांगितलं असतं तर तुला हवालदारांशी खोटं बोलावं लागलं असतं. तू खोटं बोललीस की तुझे कान लाल होतात. म्हणून गप्प बसले.

आता काय करायचं ते मला सुचत नाही. पोलीस ठाण्यात जाऊन जबाब दे म्हणून मी सृष्टीला रोज सांगते. वडिलांना तिथे बोलावून घेतील आणि त्यांच्या हवाली करतील, असं तिच्या डोक्यात पक्कं बसलंय.

झुबेदा

०

खंडाळा
१८ नोव्हेंबर २०२५

झुबेदा,

एकच विचारते. "नोंदवही देऊ नकोस" हे तू वाचकांसाठी लिहिलंस की स्वतःच्या घरासाठी?

मी किल्ल्या टेबलावर ठेवल्या तेव्हा मला वाटत होतं, की मी एका तत्त्वासाठी उभी आहे. तू मला तुझ्या दारावर राखणदार उभी केलीस आणि सांगितलंही नाहीस. मला राग आलाय. फरदीनची काळजी वाटते म्हणून राग पुरता करताही येत नाही, याचा आणखी राग आलाय.

मुलगी जेवते का नीट?

संयोगिता

०

विश्रामबाग
२३ नोव्हेंबर २०२५

प्रिय संयू,

दोन्हींसाठी. हेच खरं उत्तर आहे. पहिलं पत्र लिहिताना माझं घर जळत नसतं तरी मी तेच लिहिलं असतं, फक्त इतक्या वेळा बजावलं नसतं. तुला फसवल्यासारखं वाटलं, ते वाटणारच. माफ कर. समोर आलीस की दोन शिव्या जास्त घाल.

आता ऐक, झालं सगळं! सगळं नीट झालं!

तुझी पहिली दोन पत्रं मी सृष्टीला वाचायला दिली. तुला विचारलं नाही, हाही गुन्हा माझ्या नावावर मांड. समितीचा प्रसंग तिनं दोनदा वाचला. म्हणाली, "बाईंनी किल्ल्या खरंच टेबलावर ठेवल्या? माझ्या नावासाठी?" मग पत्राची घडी घातली. आणि म्हणाली, "त्यांनी एवढं केलं आणि मी इथं दडून बसलेय. उद्या मी जाते ठाण्यात."

मी मुद्दाम बरोबर गेले नाही. माझी वकील मैत्रीण क्रांती गेली. आधार कार्ड, नेमणुकीचं पत्र, वसतिगृहाची पावती असं सगळं घेऊन. जबाब घेणाऱ्या महिला पोलिसांनी विचारलं, घर सोडताना सोबत कोण होतं? सृष्टी म्हणाली, "सोबत कोणी नव्हतं. इथं आल्यावर एक सीएनसी मशीन आहे." त्या बाई हसल्या म्हणे. वडिलांना कुणी बोलावलं नाही. सज्ञान आहे, स्वतःच्या मर्जीनं आली, पत्ता घरी कळवू नये असं तिनं लिहून दिलं. तिथूनच तुमच्या ठाण्याला फोन गेला. मी घरी दाराशी उभी राहून नखं खात होते. क्रांतीचा फोन आला तेव्हा मी चक्क मटकन पायरीवर बसले आणि रडले. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

फरदीन परत आलाय. मला पुण्याला का धाडलं होतं, असं विचारत विचारत त्यानं तीन वेळा बिर्याणी वाढून घेतली. सांगितलं नाही. सांगेन कधीतरी.

मुलगी जेवते. माझ्यापेक्षा जास्त.

रागावलीस तरी तुझीच,
झुबेदा

०

खंडाळा
२९ नोव्हेंबर २०२५

प्रिय झुबेदा,

राग गेला. गेला म्हणजे तुझं पत्र वाचून मी टेबलाखाली डोकं घालून रडले, आणि वाचकांना वाटलं की माझं पेन पडलंय.

तुझ्या पत्राच्या आधीच जोतिबा हवालदार येऊन गेले. क्रीडा पान मागितलं आणि मला म्हणाले, "मिटलं, बाई. पोरगी हाय, कामाला हाय, बरी हाय." थोड्या वेळानं पेपराच्या आडूनच म्हणाले, "त्या पुस्तकातल्या खुणांचं मी लालासाहेबास्नी काय बोललो न्हाई. त्यो मानूस तापला हुता." मी त्यांना उगीच राक्षस ठरवलं होतं. त्यांच्या आईसाठी नवं पुस्तक मीच निवडून दिलं.

समितीनंही ठराव केला. पुस्तक परत आलं, की नोंदवहीतलं वाचकाचं नाव वाचता येणार नाही असं खोडायचं, किती पुस्तकं गेली तो आकडा फक्त ठेवायचा. हिशेबाला आकडाच लागतो. विश्वजितराव आता हे सगळं जणू त्यांच्याच डोक्यातून निघालं अशा थाटात सांगत फिरतात. फिरू देत. पुस्तकात खुणा करू नयेत अशी पाटीही लावली. दुसऱ्या दिवशी पाटीच्या कोपऱ्यात कुणीतरी फुली मारली होती!

पण आता नवीनच पेच आलाय. काल सृष्टीची आई आली, मनुबाई. वाचनालयात पहिल्यांदाच. चप्पल बाहेर काढून आत आल्या आणि उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, "बाई, ती कुटं हाय ते मला नगं. तिनं न्हाई सांगायचं म्हनून सांगितलंय, ते मला कळलं. पर ती हितं रोज काय वाचत हुती? तेवडं दावा."

मी नाही म्हटलं. झुबेदा, हवालदारांना नाही म्हणणं सोपं होतं, मनुबाईंना नाही म्हणणं फार जड गेलं. त्या म्हणाल्या, "पोलिसाला न्हाई दावलं, बरं केलं. पर मी आई हाय की." मी म्हटलं, आईलाही तिला विचारल्याशिवाय नाही दाखवता येणार. मी विचारते. त्यांनी मान हलवली आणि गेल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

हे पान तिला देशील?

तुझी,
संयोगिता

०

सांगली
३ डिसेंबर २०२५

आदरणीय बाई,

सृष्टीचा नमस्कार.

तुम्ही मला विचारलंत. घरात माझ्याबद्दलची कुठलीच गोष्ट मला विचारून ठरलेली नाही. म्हणून तुमचं पान वाचल्यावर आधी जरा वेळ तसंच धरून बसले.

आईला सगळं दाखवा. अण्णांना नको. पुढचं पुढं बघू, पण आत्ता नको.

त्यात एक पुस्तक बघून तुम्हाला हसू येईल. संसार सुखाचा कसा करावा असलं काहीतरी आहे, सप्टेंबरमध्ये नेलं होतं. सुपारीचं ठरलं तेव्हा मला वाटलं, आपलंच चुकत असेल, शिकून बघावं. मी ते पुरतं वाचलं, बाई. तेही आईला दाखवा. ते नक्की दाखवा.

माझ्या मशीनवर आता माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही. झुबेदाकाकूंच्या चहात साखर फार असते, हे त्यांना तुम्हीच सांगा, मी सांगितलं तर पटत नाही.

तुमची वाचक,
सृष्टी

०

खंडाळा
८ डिसेंबर २०२५

प्रिय सृष्टी,

अनेक आशीर्वाद.

तुझी आई आज दुपारी आली. डेअरीचं काम उरकून, एकटी. वाचनालयात त्या वेळी कुणी नव्हतं. तुझ्या पत्रातलं आईबद्दलचं तेवढं मी आधी त्यांना वाचून दाखवलं, मगच नोंदवही उघडली, सांगलीच्या नोंदीवर कागद ठेवून. नावं खोडण्याचं काम अजून तुझ्या पानांपर्यंत पोचलं नव्हतं.

त्यांना वाचता येतं, हे मला माहीत नव्हतं. बोट ठेवून, सावकाश, ओठ हलवत वाचतात. लेथ. फिटिंग. मापन. पुन्हा लेथ. एका ठिकाणी थांबून मला विचारलं, "ह्यात पोराबिराचं काय न्हाई?" मी म्हटलं, नाही. "गावभर बोलत्यात की वो," म्हणाल्या आणि पदरानं तोंड पुसलं.

मग बोट त्या संसाराच्या पुस्तकापाशी आलं. तिथे फार वेळ राहिलं. म्हणाल्या, "हे बी वाचलं व्हय तिनं?" मी तुझ्या पत्रातलं ते वाक्य पुन्हा वाचलं. त्या रडल्या, सृष्टी. मोठ्यानं नाही. रडून झाल्यावर म्हणाल्या, "म्हंजे तिनं लय करून बघितलं. मलाच दिसलं न्हाई." तू तिथे असायला हवी होतीस असं वाटलं, एवढं तुला सांगते.

निघताना त्या दारातून परत फिरल्या. "बाई, मला बी नाव घालता येतंय का हितं?" मी अर्ज भरून घेतला, त्यांनी सही केली, आणि तुझं लेथचं पुस्तक मागितलं. आकृत्या तरी बघीन म्हणाल्या. मी पुस्तक दिलं, त्यांनी ते पदराखाली घेतलं आणि इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला.

"आन् बाई, मी काय नेलं ते आमच्या ह्यांस्नी सांगू नका."

नाही सांगणार, म्हटलं. कुणालाच नाही. तुला सांगतेय ते त्यांनीच परवानगी दिली म्हणून.

तुझी,
संयोगिताबाई